टाकी अजून रस्त्यात

आमच्या तारापूरच्या कारखान्यात हिशेब बघणाऱ्या ताई माहीमच्या. वस्तू हाताने चाचपल्याशिवाय त्या खर्चात धरत नाहीत. मार्चअखेर आली तरी माझ्या प्रोजेक्टची टाकी ट्रकमध्येच होती. आज खर्च दाखवला नाही, तर मंजूर रक्कम परत जाणार आणि काम बंद पडणार. घरून सांगितलेली कोथिंबीरही विसरणारा मी मॅनेजर; टाकीची ऑर्डरही उशिराच दिली होती! लाडीगोडीने म्हणालो, "ताई, टाकी आली असं धरा ना."

त्या हेल्मेट घालून थेट साइटवर आल्या, टाकीच्या रिकाम्या चौथऱ्यावर हात फिरवला.

"सर, टाकी कुठं हाय?"

"कुंभवली नाक्यापर्यंत आली असेल."

"मग खर्च पण तिथंच उभा राहू दे. मी नाय लिहिणार. चला, मोठ्या साहेबांकडं. रक्कम पुढच्या वर्षी वापरायची परवानगी मागू."

साहेब ताईंवर भरपूर ओरडले. त्या हलल्या नाहीत. मग साहेब माझ्याकडे वळले, "तुमचं काय म्हणणं?"

मी ताईंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "टाकी आलेली नाही, साहेब."

ताईंनी परवानगीचा अर्ज टेबलावर सरकवला, पेनचं टोपण काढून पेन साहेबांपुढे धरलं. सही होईपर्यंत तो हात खाली आला नाही.