संगणकाला केलेला अर्ज

आठवीत शाळा सुटली. नांदेडकडचं गाव सोडून मी शिवडीच्या एका गोदामात वायरिंगच्या कामाला लागलो. वायरमनची परीक्षा पास झालो नसतो, तर ते कामही गेलं असतं. म्हणून पुस्तक शोधायला भीतभीतच दादरच्या ग्रंथालयात शिरलो.

तिथे पुस्तकांची यादी संगणकावर होती. मी टाइप केलं, 'कृपया मला वायरमनच्या परीक्षेचं सोपं पुस्तक मिळावं, ही विनंती.' उत्तर आलं, एकही पुस्तक नाही.

मागून ग्रंथपाल बाई हसल्या. "अहो दादा, रजेचा अर्ज लिहिताय का? खाली सही राहिली की! त्याला विनवण्या नकोत, एकच शब्द द्या."

मी 'वायरिंग' लिहिलं. एक पुस्तक आलं, तेही इंजिनिअर लोकांचं, जाडजूड.

"आता त्याच्याखाली विषय लिहिलाय ना, त्यावर क्लिक करा. त्याची सगळी भावंडं दिसतील."

खरंच दिसली. त्यात एक बारकं मराठी पुस्तक होतं, चित्रांसकट.

पास झाल्यावर बाईंना भेटायला गेलो. आभाराचं भाषण पाठच केलं होतं. मी सुरुवात करताच त्या म्हणाल्या, "दादा, एकच शब्द."

"पेढे," मी म्हणालो आणि पुडा पुढे केला.