चौदा तारखेची हजेरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही — प्रार्थना करताना मी या गोष्टीच्या बाजूबाजूनंच चालत आले आहे. मग तुम्हाला का सांगते आहे? बहुतेक तुम्ही माझ्या आजीला ओळखत नाही म्हणून. तिला ओळखणाऱ्या माणसासमोर हे माझ्या तोंडून निघणार नाही.

आजी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. आधी रिठदला, मग बदली होऊन मेडशीला, आणि निवृत्तीनंतरही मेडशीतच राहिली. तिच्या पिशवीत खडूंच्या डबीशेजारी खोबरेल तेलाची बाटली आणि बारीक दातांची फणी असायची. ज्या मुलीच्या डोक्यात उवा, तिला मधल्या सुट्टीत पुढ्यात घेऊन बसायची. रविवारी पहिल्या एसटीनं वाशीमच्या चर्चला. गावात आमचं एकच ख्रिस्ती घर, पण तिनं त्याबद्दल कधी भाषण दिलं नाही. म्हणायची, "वर्गात पोराईले मी कधी येशू सांगतला नाही. येशूले मात्र रोज पोरं सांगतो."

ही नुसती म्हणायची गोष्ट नव्हती. तिची एक मोठी वही होती, एकतीस पानांची. महिन्याच्या प्रत्येक तारखेला एक पान, आणि तिनं शिकवलेल्या प्रत्येक मुलाचं नाव कुठल्या तरी एका पानावर. सकाळी सहाला ती त्या दिवसाचं पान उघडायची. एक नाव घ्यायची, एक श्वास थांबायची, मग पुढचं नाव. ती याला प्रार्थना म्हणत नसे. हजेरी म्हणायची.

बारावीनंतर मेडिकलच्या परीक्षेत मला मार्क कमी पडले. पुन्हा तयारी करायला मला आजीकडे पाठवलं. आईबाबा अकोल्यात नोकरीला, आणि काचबिंदूनं आजीचे डोळे तोवर पुरते गेलेले. तुझा अभ्यास होईल, तिला सोबत होईल, असं ठरलं. वही वाचायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी वाचते, पण मोठ्यानं वाचायचं म्हटलं की जीभ जड होते. त्यात आजीचं अक्षर जुन्या वळणाचं. मी भराभर उरकायला बघायची.

"हळू वाच वं," ती म्हणायची. "पोरं काही पळून नाही चालले."

चौदा तारखेच्या पानावर एक नाव होतं — उकंडा. मी अडखळले. हे नाव आहे?

"त्याच्या मायची आधीची तीन लेकरं गेली होती," आजी म्हणाली. "चांगलं नाव ठेवलं तर हेही जाईन, म्हणून उकिरड्याचं नाव ठेवलं. याच्यापाशी दोन श्वास थांबत जाय."

मी थांबले. दोन श्वास. आणि मग दुपारी मी काय केलं? अकोल्याच्या मैत्रिणीला ते नाव गंमत म्हणून सांगितलं. ती इतकी हसली, आणि मीही तिच्याबरोबर इतकी हसले, की पुढच्या चौदा तारखेला ते नाव उच्चारायची मला लाज वाटली. मी ते सोडून पुढचं वाचलं. एकच तर नाव. आजीला थोडंच दिसतंय?

पण एक सोडता आलं की दोन सोडता येतात. मग पानाचा खालचा भाग. मग रोजचंच झालं — वरची आठदहा नावं वाचायची, "आमेन" म्हणायचं आणि चहा टाकायला उठायचं. आजी मागे तशीच बसून राहायची, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत. मला वाटायचं, म्हातारपणाची सवय.

एका सकाळी चहा घेऊन आले आणि दारातच थांबले. आजी हळू आवाजात नावं घेत होती. सुभद्रा. शेख रफिक. देवराव. पंजाब. मी सोडलेली नावं. वाचलेल्यांपैकी एकही नाही — फक्त सोडलेली, वहीतल्या क्रमानं, प्रत्येकापाशी एक श्वास.

ही बाई अख्खी वही पाठ घेऊन बसली होती. मग मला का वाचायला लावत होती? ते मी तिला कधी विचारलं नाही. विचारायचं तर कबूल करावं लागलं असतं. आणि तिला माझी चोरी किती दिवसांपासून माहीत होती? तेही नाही विचारलं. तिनं चहाचा घोट घेतला आणि एवढंच म्हणाली, "साखर कमी पडली आज."

त्यानंतर मी सुधारले असेन असं तुम्हाला वाटेल. मलाही त्या दिवशी तसंच वाटलं होतं. एक आठवडा मी सगळी नावं वाचली. मग मनात आलं, तिला तर सगळं येतंच आहे, माझ्यावाचून काय अडतं? आणि मी पुन्हा सोडायला लागले. या वेळी, तिला कळतं आहे हे माहीत असून. ती रोज मागे राहून माझी उरलेली नावं घेत राहिली.

पण मला सांगायचं आहे ते याच्याही पुढचं आहे.

पावसाळ्यात आजीला पक्षाघाताचा झटका आला. बोलणं परत आलं, नावं आली नाहीत. मला ती आईच्या नावानं हाक मारायची. तरी सहा वाजता उठून बसायची, आणि मी वही उघडायची. आता ती नावं फक्त कागदावर होती — आणि माझ्या तोंडात.

चौदा तारीख होती. मी उकंडा सोडून वरची सहा नावं वाचली आणि वही मिटली. आजीचा अंगठा पहिल्या पेरावर टेकलेला होता. तो पुढे सरकला नाही. ती वाट बघत होती.

"अजून हायेत ना वं?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "नाही आजी. झाले सगळे."

"बरं झालं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर केवढं समाधान होतं. "सगळे आले म्हणजे."

त्यानंतर ती पाच महिने जगली. पाच महिने मी तेच उत्तर दिलं.

मातीच्या दिवशी अंगणात माणूस मावत नव्हता. भजनी मंडळातल्या बाया, जमातखान्याजवळचे म्हातारे, विहारातली माणसं — सगळे तिचे विद्यार्थी. सगळं आटोपल्यावर पांढऱ्या सदऱ्यातला एक पन्नाशीचा माणूस माझ्यापाशी आला. "जयभीम ताई. मी रिठदचा उकंडा," म्हणाला. "बाईनं आमाले आमची तारीख सांगून ठेवली होती. माही चौदा. दर चौदा तारखेले सकाळी सहा वाजता मी अंगणात उभा राह्यतो अन् 'हजर बाई' म्हणतो. बायको हासते. म्हणते, अठ्ठावीस किलोमीटरवरून म्हातारीले आयकू येते का?" तोही हसला. मग डोळे पुसून म्हणाला, "डोळे गेल्यावर तुमीच वाचत होत्या म्हणे. माह्यं नाव येत होतं ना?"

"हो काका," मी म्हणाले. "दर चौदाला."

त्यानं माझ्यापुढे हात जोडले. माझ्यापुढे. मी ते जोडू दिले.

वही आता माझ्याकडे आहे. शेवटच्या त्या पाच चौदा तारखांना सकाळी सहा वाजता रिठदला एक माणूस अंगणात उभा राहून हजर म्हणत होता. त्याच वेळी मेडशीला आजी पहिल्या पेरावर अंगठा टेकून बसली होती. मधे मी होते, मिटलेली वही मांडीवर घेऊन.