छतावरचा रविवार

सकाळी सव्वासातला यूसुफभाईंचा फोन आला. विद्यानगरातल्या आमच्या इमारतीला लागून असलेल्या मोठ्या दुकानाचे ते पहारेकरी. “साब, श्रीधरसाब छत पे गिर गए... जल्दी आओ.” मी पोहोचलो तेव्हा माझा मित्र सौर पॅनेलांच्या दोन रांगांमध्ये पडला होता. शेजारी पाण्याची बादली तशीच भरलेली. हृदयविकाराने गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं. रविवार होता. त्याला आता पाच आठवडे झाले.

श्रीधर वीज खात्यातून निवृत्त झाला होता. दुकानाच्या छतावरची उरलेली वीज आमच्या तळमजल्यावरच्या बॅटरीत यावी, ही कल्पना त्याचीच. वीज गेली की त्यावर पंप चालतो, लिफ्ट चालते आणि श्रीधरच्या घरी नलिनीवहिनींचं ऑक्सिजनचं यंत्र. दुकानाच्या व्यवस्थापकाची एकच अट होती, पॅनेल रोज इमारतीने पुसायची. सात घरं, सात वार. श्रीधरने तक्ता लिहून लिफ्टशेजारी लावला. ऊन चढण्याआधीच जायचं, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही, हे खाली लाल शाईत.

वर्षभरात एकेकाची कारणं निघाली. माझं कारण वृत्तपत्रातल्या शनिवारच्या उशिरापर्यंतच्या ड्यूटीचं. “नक्को उठू रे,” तो म्हणाला, “तुझ्या बातम्यांत तसाही उजेड नसतो, तो मी बघतो.” पुढे एकदा जिन्यात मी म्हटलं, या रविवारी नक्की येतो. “हौ, मागच्या उन्हाळ्यापासून येतोयस,” म्हणाला आणि बादली घेऊन गेला. चार वर्षं सातही वार तोच जात राहिला, आणि आम्ही ते गृहीत धरलं.

तो गेल्यावर दोन आठवडे कोणीच वर गेलं नाही. काचांवर धूळ बसली. जोडणी काढू, असा व्यवस्थापकाचा निरोप आला. त्या संध्याकाळी नलिनीवहिनींनी मला बोलावलं. नाकाशी नळी होती, मागे यंत्राची घरघर. दाराआडचा वायपर त्यांनी दाखवला. दांड्याला श्रीधरच्या जुन्या मफलरची पट्टी गुंडाळलेली.

“भाऊजी, मी त्यांना कितीदा म्हटलं, तक्त्यावरचं भाऊजींचं नाव खोडा म्हणून.”

“काय म्हणाला?”

“म्हणाले... येईल तो.”

गेले तीन रविवार मी जातो; बाकीचे वार बाकीच्यांनी घेतलेत. मफलरची पट्टी काढलेली नाही. तक्ता अजून लिफ्टशेजारी आहे. शेवटच्या ओळीत, त्याच्या अक्षरात, रविवार आणि माझं नाव. चार वर्षं ती ओळ चुकीची होती. आता बरोबर आहे.