पाणी वाळेपर्यंत

अच्युत गेल्याचं कार्ड साताऱ्याला माझ्या शाळेच्या पत्त्यावर आलं, तेव्हा मी सातवीच्या वह्या तपासत होतो. कार्ड वाचलं, खिशात घातलं आणि राहिलेल्या वह्या संपवल्या. मित्र गेल्यावर माणूस असं वागत नाही, हे मला कळतं. पण गेली सहा वर्षं तो माझा मित्र नव्हता. या दीड महिन्यात वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून त्याच्यावर जे आलं त्यात तो देवमाणूस आहे, मनांचा शिल्पकार आहे. त्या शिल्पकाराबद्दल मलाही थोडं सांगायचंय.

सांगलीच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. तो वकिलाचा मुलगा, मी कवठे महांकाळकडच्या पाथरवटाचा. सुट्टीत तो आमच्या घरी यायचा आणि तात्यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, काम बघत बसायचा. नवा दगड आला की तात्या त्यावर घागरभर पाणी ओतायचे आणि टाकी-हातोडा खाली ठेवून नुसते बसून राहायचे. "हे कशासाठी?" अच्युतने एकदा विचारलं. तात्या म्हणाले, "वरचं पानी वाळतं, चिरंत मुरल्यालं वाळत न्हाई. मग चीर काळी दिसती. तवर टाकी लावायची न्हाई." अच्युतला ते फार आवडलं. पण पाणी वाळेपर्यंत थांबलेलं मी त्याला कधी पाहिलं नाही. तो चहाला आत जायचा आणि टाकीचा आवाज सुरू झाला की बाहेर यायचा.

पुढे तो मानसोपचाराचा डॉक्टर होऊन सांगलीत बसला. बांगलादेशच्या लढाईवरून माझा धाकटा भाऊ सदा परत आला, तो निम्माच. जोडीदार त्याच्या डोळ्यांदेखत गेला, एवढंच आम्हाला पलटणीतल्या एकाकडून समजलं होतं. सदा कुणाशी बोलायचा नाही. तात्या त्याला काही विचारत नसत, फक्त दगड धुवायला लावायचे. वर्षभरात तो "आज लय ऊन हाय" इतकं आपणहून म्हणायला लागला होता. घाई झाली ती मला. मीच त्याला अच्युतकडे न्यायचं ठरवलं. "ऱ्हाऊ दे रं अजून थोडं," तात्या म्हणाले. मी ऐकलं नाही. शिकलो होतो ना!

तिसऱ्या बैठकीला मी दाराबाहेर बाकावर होतो. आतून अच्युतचा आवाज येत होता. "सदा, त्या दिवशी काय झालं? सांगितल्याशिवाय सुटका नाही तुझी. सांग..." पुन्हा पुन्हा तेच. मग खुर्ची पडल्याचा आवाज आला. सदा बाहेर आला, तो आजतागायत एक शब्द बोललेला नाही. अच्युत मात्र म्हणाला, "होतं असं. फुटायला आलंय ते. पुढच्या आठवड्यात आण." मी नेलं नाही.

महिन्याभराने अच्युतच आमच्या घरी आला. तात्यांनी आवाज चढवला नाही. अंगणाच्या कोपऱ्यात एक अर्धा मारुती पडला होता, तोंड आणि खांदा बाहेर आलेले, बाकी नुसता दगड. त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "ह्यो मी घाईनं कराय घेतला, डॉक्टर. पानी वाळू दिलं न्हाई. छातीतनं चीर निघाली. घिऊन जावा तुमी." माणसाला याहून स्पष्ट कसं सांगायचं? अच्युतने मारुती गाडीत घातला आणि नेऊन दवाखान्यात मांडला.

दोन वर्षांनी साताऱ्यात त्याचं व्याख्यान झालं, दगड आणि मन या विषयावर. मी शेवटच्या रांगेत. मूर्ती दगडात असतेच, आपण फक्त जादा भाग काढायचा, असं तो सांगत होता. मग एका खेडूत कारागिराने प्रेमाने दिलेल्या अर्ध्या मारुतीचं वर्णन... टाळ्या पडल्या. पाण्याचं नाव नाही, सदाचं नाव नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठताना त्याने मला पाहिलं, हात वर केला. मी पाठ फिरवली. तीच शेवटची भेट.

मागच्या आठवड्यात सांगलीला गेलो. सरळच सांगतो, सांत्वनाला नाही, मारुती परत मागायला. अच्युतच्या बायकोने, वहिनींनी, दवाखान्याची खोली उघडली. मारुतीजवळ तांब्या होता.

"रोज सकाळी पाणी घालायचे," वहिनी म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, भक्ती. पण हात कधी जोडले नाहीत. ते वाळेपर्यंत समोर बसून राहायचे, पेशंट त्यानंतरच आत. पेशंटलाही मग फारसं विचारत नसत. साताऱ्याच्या व्याख्यानावरून आले तेव्हापासून हे. ते भाषणही पुन्हा केलं नाही."

मी तांब्याभर पाणी ओतलं आणि बसलो. दगड वाळत गेला, तशी छातीवर काळी रेघ उमटली. म्हणजे अच्युतला कळलं होतं. हे समजल्यावर माझा राग निवायला हवा होता, तो दुप्पट झाला. आमच्या सदावर शिकला आणि दुसऱ्यांची माणसं बरी केली! आमच्या गावाला सांगलीहून रोज एसटी जाते. मारुती तिथेच ठेवून मी तिनेच घरी गेलो.

तात्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ टाकीची धार अंगठ्याने चाचपत राहिले. मग म्हणाले, "कळलं हुतं, तर मग आलं का न्हाईत?"

सदा शेजारीच नव्या दगडावर पाणी ओतत होता. त्याने ऐकलं की नाही, मी विचारलं नाही. घागर रिकामी करून तो बसला, आणि आम्ही तिघं दगड वाळायची वाट बघत राहिलो.