आबांसाठी चढावरचा आवाज

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावातून जीप हलली तसे ओट्यावरून आबा ओरडले, "म्हशीचा खोकला आणू नको रे! इंजिनचा आवाज आण!"

आबा माझे आजोबा. हिंगोलीवरून पुढं मेळघाट चढणाऱ्या जुन्या छोट्या लायनीवर फायरमन (इंजिनच्या भट्टीत कोळसा टाकणारे). मी सरपंचापासून जीपवाल्यापर्यंत सगळ्यांच्या नकला करतो, पण आबांचं इंजिन काही जमलं नाही; आबांना त्यात म्हशीचा खोकलाच ऐकू येतो. जमणार कसं? मी जन्मायच्या आधीच ते भंगारात गेलं. मेळघाटच्या चढावरचा तो आवाज मरायच्या आधी एकदा ऐकायचाय, असं आबांचं रोजचं चालू. गुडघे मात्र ओट्याखाली उतरू देत नाहीत. म्हणून गाड्या बदलत मी पोचलो निलगिरीच्या पायथ्याशी, मेट्टुपालयमला. तिथं वाफेचं इंजिन अजून डोंगर चढतं.

आधी चाकं मोजली. आबांनी बोरं मांडून शिकवलं होतं: पुढं दोन बारकी, मधी आठ मोठी, मागं दोन बारकी. पुढची दोन वळणावर वाट दाखवतात. इथं आठ अन् मागं दोन. पुढं काहीच नाही! त्यात इंजिन डब्यांच्या मागं, ढकलायला.

पहिल्या डब्याच्या तोंडाशी उभ्या झेंडीवाल्याला विचारलं, "आगे छोटा चक्का नहीं?"

तो हसला. "आगे हम हैं ना, भाई!"

रुळांमधली दातेरी पट्टी सुरू झाली, इंजिन दात रोवून चढायला लागलं. मी आवाज भरायला फोन बाहेर धरला. मधल्या स्टेशनात इंजिन पाणी प्यालं, मी चहा. मग बोगदा आला, डबाभर लेकरं किंचाळली, अन् मला राहवलं नाही. शिट्टीची अशी नक्कल केली की टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर मी थांबतो व्हय?

घरी आबांनी फोन कानाला लावला. "ह्ये तर तूच बोंबलून राहिला की रे."

तोंड उतरलं माझं. फोन खिशात घातला, डोळे मिटले, अन् तो चढ आठवत तोंडानंच सुरू केलं. हळू, जड, दम खात. शिट्टी नाही, आगाऊपणा नाही.

ऐकता ऐकता आबा म्हणाले, "माझं इंजिन न्हाई ह्ये."

मी थांबलो.

"पण चढ बराबर हाय. काहून थांबला? घाट सरला न्हाई आजून."

मी पुन्हा सुरू केलं. डोळे उघडून बघितलं, तर आबांचा उजवा हात मांडीवरून उठून हळूहळू कोळसा टाकत होता.