बिनरांगोळीचं दार

सोलापूर स्टेशनवर गाडी सुटली तेव्हा आई रडली नाही. ती शेंगाचटणीचा डबा खिडकीच्या गजांतून आत सरकवायच्या नादात होती आणि डबा काही मावेना. बाबा म्हणत होते, "अगं, दारातून दे की." गाडी हलली तसा तिनं डबा दारातल्या एका अनोळखी माणसाच्या हातात कोंबला आणि गाडीबरोबर चालत मला म्हणाली, "शेजार जोड गं बाई. नातेवाईक तिकीट काढून येत्यात, शेजारी अनवाणी येतो." डबा हातोहात माझ्यापर्यंत आला. मी मनात म्हटलं, चेन्नईत काम करायला निघालेय, शेजार जोडायला नाही.

आमच्या बार्शीत राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांना, दोघांनाही हे सांगायचंय. पहिले आठ-नऊ महिने माझ्या दाराची बेल कुणी वाजवली नाही. पार्सलवाला सोडून.

चेन्नईत वेस्ट मांबलममधल्या जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर मी राहते. आमच्या मजल्यावर चार दारं. गाड्यांचे सुटे भाग तपासणाऱ्या खात्यात माझी नोकरी. भल्या सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी परत येऊन पुन्हा लॅपटॉप. शेजारच्या बायका जिन्यात भेटायच्या. माझ्याकडे बघायच्या, मग माझ्या उंबऱ्याकडे बघायच्या आणि आवाज न करता पुढे जायच्या. हसणं नाही, विचारपूस नाही. आपल्याकडे नवं बिऱ्हाड आलं की निम्मी गल्ली साखर मागायला येते. इथं मला वाटलं, भलतीच शिष्ट माणसं आहेत. खरं सांगते, एकटेपणानं जीव मेटाकुटीला आला होता. रविवारी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून आईशी फोनवर तासभर बोलायचे, तेवढाच माणसाचा आवाज. पुण्याच्या ऑफिसात जागा निघाली तशी मी अर्ज टाकून मोकळी झाले.

आणि त्याच सुमाराला एका सकाळी माझ्या दारात रांगोळी दिसली. छोटीशी, ठिपक्यांभोवती वळसे घेत गेलेली एकच रेघ. मी चपला हातात घेऊन ओलांडली. दुसऱ्या दिवशी वेगळी. तिसऱ्या दिवशी आणखी वेगळी. आता दिवसभर मापं तपासणारं माणूस हे सोडेल होय? संध्याकाळी मी जमिनीवर बसून निरखलं. आपल्यासारखी दगडाची पूड नव्हती, तांदळाचं पीठ होतं, आणि निम्मी रांगोळी मुंग्यांनी नेली होती. ठिपक्यांतलं अंतर इतकं सारखं, की आमच्या मशीननं मान खाली घालावी. कोण काढतंय हे? कशाला? मला तर इथं काळं कुत्रं ओळखत नाही. कितीतरी दिवसांनी ऑफिसबाहेरचं काहीतरी डोक्यात घोळत होतं, आणि ते मला आवडत होतं.

सुट्टीच्या दिवशी मी पहाटेच उठून दाराला कान लावून उभी राहिले. पाणी शिंपडल्याचा आवाज आला आणि मी धाडकन दार उघडलं. समोरच्या फ्लॅटमधल्या म्हाताऱ्या बाई वाकून रेघ ओढत होत्या. अनवाणी. रेघ पुरी झाल्याशिवाय त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "दार उघडायास इतके दिवस लागले कां गे?"

मराठीत. सूर तमिळ, शब्द मात्र आपले.

त्या कावेरीअक्का. तंजावरच्या मराठी घरातल्या, घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. नवरा रेल्वेत गार्ड होता, तो गेला, मुलगा बंगळुरूला. अक्कांनीच उलगडा केला. इकडे दारात रोज सकाळी रांगोळी पडते. पडली नाही तर समजायचं, घरात कुणी गेलंय. "तुझ्या दारांत कधी काही नसे. आम्ही म्हटलं, पोर दुःखांत आहे. अशा घरी घंटा कोण वाजवील?" म्हणजे मी त्यांना शिष्ट समजत होते आणि अख्खा मजला माझं सुतक पाळत होता. "मग कळलं कसं?" मी विचारलं. "रविवारी फोनावर आईशी हसतेस की. मराठींत हसतेस. तेव्हां समजलं, दुःख नाही, आळस आहे."

मग माझी सुट्टीची सकाळ अक्कांकडे जाऊ लागली. त्या कॉफी द्यायच्या आणि प्रश्न विचारायच्या. महाराष्ट्र त्यांनी पाहिलेला नाही. "तिकडे सगळेच मराठी बोलतात? बसचा कंडक्टरही? भाजीवालीही? भांडतात तेसुद्धा मराठींत?" मी हो म्हटलं की त्या गालाला हात लावून बसायच्या. शेंगाचटणी त्यांनी दहीभाताबरोबर खाल्ली आणि आईला निरोप दिला की लसूण कमी घाल. आईनं तो निरोप मनाला लावून घेतला. रांगोळीही शिकवली त्यांनी मला. माझी रेघ वळणावर हमखास भरकटायची. पुण्याचं त्यांना सांगायचं धाडस मात्र होईना.

पुण्याहून होकार आला तो शुक्रवारी. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. शनिवारी सुट्टी, नऊला दार उघडलं तर अक्कांचा उंबरा धुतलेला, पण कोरा. मी त्यांच्या दाराला कान लावला. आतून भांड्यांचा आवाज आला तेव्हा जीव भांड्यात पडला. वाटलं, थकल्या असतील. माझं दार त्यांनी इतके दिवस सांभाळलं, आज आपण त्यांचं सांभाळू. आणि जाण्याआधी एवढं तरी होईल. पीठ आणलं, आठ पाकळ्यांचं कमळ काढलं. पहिल्यांदाच रेघ कुठं भरकटली नाही.

तेवढ्यात जिन्यातून भटजी आले, कमळ बघून जागीच थांबले आणि तमिळमध्ये मला बोलू लागले. 'तप्पु' एवढं समजलं. चूक. दार उघडलं, अक्का ओल्या लुगड्यात उभ्या. मागं पाटावर दर्भ, पिंडांचा भात. त्यांच्या यजमानांचं श्राद्ध होतं. श्राद्धाच्या दिवशी दारात रांगोळी काढायची नसते, हे मला कोण सांगणार? लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ओढणीनं पुसायला खाली बसले.

"राहूं दे," अक्का म्हणाल्या. कमळाकडे बघत त्या पुढे म्हणाल्या. "ड्यूटीवरून येत ना, तर बुटांसकट रांगोळीवर पाय देत. रोज. जन्मभर भांडलें मी त्यांच्याशी. आज यायचेच आहेत ते. देऊं दे पाय."

भटजी पुटपुटले, धोतर सावरून कमळ ओलांडून आत गेले. मी माझ्या दारात बसून भरपूर रडले. अक्कांसाठी, आणि माझ्यासाठीही. कुणाची तरी इतकी वर्षं वाट बघावी असं दार मला पुण्यात कुठं मिळणार होतं? पुणं बार्शीहून जवळ आहे, मान्य. पण तिथं माझा उंबरा परत कोराच.

सोमवारी मी पुण्याला नकार कळवला. आई, तू फोनवर म्हणालीस, "मग आम्हीच येतो." ये. तिकीट काढून ये. आता माझ्या दारात रोज रांगोळी असते, माझ्या हातची. एवढ्या लांबून येशील, हातात डबे असतील, खाली बघायचं सुचणार नाही आणि तुझा पाय तिच्यावर पडेल.

पडू दे.