राक्षसाभोवती पाच माणसं

एका माणसाच्या कामाला पाच माणसं लावणारा माणूस जगात एकच असेल, तर तो आमच्या घरात राहतो. ते माझे धाकटे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते आणि भाईंदर पश्चिमेतली आमची सगळी सोसायटीही भाऊजीच म्हणते, अगदी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठे असलेले सेक्रेटरीसुद्धा. वय बावन्न, लग्न नाही, अंधेरीच्या एका कचेरीत टपाल रवाना करण्याच्या खात्यात नोकरी. भाऊजींचं म्हणणं असं, की प्रत्येक कामाची एक खरी पद्धत असते, ती कुणीतरी शोधायची राहून गेलेली असते, आणि तो कुणीतरी म्हणजे बहुतेक आपणच. पोहे भिजवायची त्यांची पद्धत आहे. बोंबील साफ करायची आहे. स्टेशनबाहेर रिक्षा मिळवायची आहे: रिक्षाकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे रिक्षावाल्याला वाटतं या माणसाला गरज नाही, आणि तो आपणहून विचारतो. या पद्धतीने भाऊजी एकदा पाऊण तास उभे होते. मी भाजी घेऊन, घरी जाऊन, डाळ शिजवून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तेव्हा ते पायी येताना दिसले. "वहिनी, पद्धत बरोबर आहे," ते जिन्यात म्हणाले, "माझी पाठ लोकांना ओळखीची झालीय."

त्यांच्या बहुतेक पद्धतींना माणसं लागतात आणि आमच्याकडे माणसांना वेळ नसतो, हे त्यांचं खरं दुःख. आमचा सोफा तिसऱ्या मजल्यावर चढवायचा होता तेव्हा त्यांनी कागदावर जिना काढला, सोफा काढला, कोणी कुठे उभं राहायचं ते बाणांनी दाखवलं. सहा माणसं हवी होती. आली चार, त्यातला एक फोन आला म्हणून निघून गेला. सोफा पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकला तो दोन दिवस तिथेच होता. म्हातारी माणसं वर येताना त्यावर बसून दम खायची, आणि तो निघाला तेव्हा दोघा-तिघांनी तक्रार केली. भाऊजींसाठी एकदा मुलगी बघितली होती. त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला, "चादरीची घडी तुम्ही एकट्या घालता, की दोघी मिळून?" ती म्हणाली, एकटीच. भाऊजींचा चेहरा पडला. त्या लग्नाला नकार नक्की कोणाकडून आला, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

अशा माणसाच्या हातात मोबाईलवरचा खेळ पडला. हे खेळ पोरांनी खेळावेत असं मला वाटायचं, पण भाऊजी कचेरीतून आले की चहा घेऊन खिडकीत बसायचे आणि मोबाईलमध्ये एका गुहेत जायचे. गुहेत एक दगडाचा राक्षस. त्याच्या डोक्यावर लाल पट्टी, तो जसा जखमी होतो तशी ती कमी होते. सगळे जण त्याला मोठमोठ्या तलवारींनी मारतात, धावतात, मरतात, परत येतात. भाऊजींनी महिनाभर त्याला मारलंच नाही. नुसतं बघितलं. मग एका संध्याकाळी मी पीठ मळत होते तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "वहिनी, तो मोजतो."

"कोण?"

"राक्षस. एक, दोन, तीनला हात वर नेतो, चारला आपटतो. आपण पाच जणांनी त्याच्याभोवती गोल धरायचा. एक, दोन, तीनला सगळ्यांनी एकेक पाऊल सरकायचं, चारला मारायचं. त्याचा हात पडतो तो आपण सोडलेल्या जागेवर. तलवार नको, काही नको. नवशिका माणूस सोट्याने त्याला पाडेल."

मी म्हटलं, बरं.

त्या खेळणाऱ्यांचा मोबाईलवर एक गट होता. भाऊजींनी तिथे आपली पद्धत लिहिली. पोरं हसली. म्हणाली, अंकल, सोट्याने तो मरत नाही, करून दाखवा. आणि त्यांनी अटी घातल्या: सगळे खेळणारे नवे पाहिजेत, पहिल्या दिवशी मिळतो तो सोटाच हातात पाहिजे, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याचा व्हिडिओ पाहिजे. फक्त भाऊजी शिकवायला आत आले तर चालतील. त्यात खेळवाल्या कंपनीने जाहीर केलं होतं, की पुढच्या रविवारी राक्षस बदलणार. नवा येईल तो वेगळा लढेल. म्हणजे हातात आठ दिवस. भाऊजींनी आयुष्यात शंभर पद्धती काढल्या असतील, पण एकही पुरी करून बघायला माणसं मिळाली नव्हती. आताही मिळाली नाहीत तर राक्षस जाणार होता, आणि पद्धत खरी होती की नव्हती हे कधीच कुणाला कळणार नव्हतं. ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. चवळीची उसळ त्यांच्या आवडीची, तीही ताटात तशीच.

तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर, पाणी येणार नसल्याच्या सूचनेखाली, त्यांच्या अक्षरात कागद लागला: "राक्षस मारण्यासाठी स्वयंसेवक पाहिजेत. अनुभव नसलेल्यांना प्राधान्य. चहा मिळेल." संध्याकाळी अकरा माणसं आली. त्यातल्या नऊ जणांनी चहा घेतला, गच्चीच्या गळतीवर चर्चा केली आणि निघून गेले. एक जण उंदरांचं औषध घेऊन आला होता, त्याला वाटलं सोसायटी मोहीम काढतेय. उरल्या एकट्या दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती भाभी. त्यांची सून माहेरी गेली होती आणि त्यांना संध्याकाळी करायला काही नव्हतं. नया नगरमधला एक मोबाईल दुरुस्त करणारा भाईजान होता, त्याचं भाऊजींशी जुनं गिऱ्हाईक-दुकानदाराचं नातं. तो म्हणाला, "भाईसाब, दिनभर दूसरों का मोबाईल खोलता हूँ, खुद कभी खेला नहीं." त्याला घेतलं. आमच्या ह्यांना घरात राहायचं होतं म्हणून तेही तयार झाले. भाऊजी धरून झाले चार.

"पाचच पाहिजेत," भाऊजी म्हणाले, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पदर सावरून म्हटलं, मला त्यातलं काही येत नाही. भाऊजींच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. "वहिनी, तेच तर पाहिजे," ते म्हणाले.

पहिले दोन दिवस काय झालं ते सांगण्यासारखं नाही. पडद्यावरचं सगळं इंग्रजीत, म्हणून भाईजानने मला बटणं रंगावरून शिकवली: निळं चालायचं, लाल मारायचं. पिवळं कशाचं ते सांगायचं राहून गेलं. पिवळं दाबलं की माझी बाई कमरेत वाकून नमस्कार करायची. राक्षस अंगावर आला की माझं बोट नेमकं पिवळ्यावर. "वहिनी, तुम्ही त्याच्या पाया का पडताय?" भाऊजी विचारायचे, तोवर मी मेलेली असायचे. आमचे हे उभ्या उभ्या डुलकी घ्यायचे. भाभी बटण दाराची बेल वाजवावी तसं दाबून धरायच्या, आणि भाईजान त्यांना सांगायचा, "भाभी, दबाने का नहीं, छूने का है."

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना बटणं जमली, आणि मग खरा घोटाळा निघाला. भाऊजी म्हणाले, चला, गोल फिरा. मी आणि हे देवळात फिरतो तसे फिरलो, राक्षस उजव्या हाताला ठेवून. भाभी गरब्यात फिरतात तशा निघाल्या, राक्षस डाव्या हाताला. मी आणि भाभी राक्षसाच्या पोटासमोर एकमेकींवर आपटलो, भाईजान मधे सापडला, आणि राक्षसाने एका हातात तिघांना संपवलं.

"अहो, गोल म्हणजे प्रदक्षिणेसारखा," भाऊजी म्हणाले.

"राक्षसाला कसली प्रदक्षिणा घालायची?" आमचे हे एकदम जागे झाले. "अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मी नाही घालणार."

"मग गरब्यासारखं फिरू."

"ना भाई," भाभी म्हणाल्या. "गरबा तर माताजीचा असतो. असल्या काळ्या दगडाला मी गरबा नाही करणार."

अर्धा तास यावर गेला. भाऊजी कधी इकडे बघायचे, कधी तिकडे; त्यांच्या कागदावर बाण होते, पण देव कोणत्या हाताला ते लिहिलेलं नव्हतं. शेवटी भाईजान म्हणाला, "भाईसाब, मेरे को दोनों चलेगा. ऐसा करो, पंखा जिधर घूमता है, उधर घूमो. पंखा तो सबका है." आम्ही पाचही जण माना वर करून छताच्या पंख्याकडे बघत बसलो. पंखा गरब्याच्या दिशेने फिरत होता. भाभींच्या गालात हसू राहीना. तेव्हापासून लय त्यांनीच धरली. भाऊजी आकडे मोजायचे, त्या मांडीवर टाळी द्यायच्या आणि म्हणायच्या, "बेन, पायाकडे नको बघू, ताळीकडे लक्ष दे." शुक्रवारी लाल पट्टी अर्ध्यावर आली. त्या रात्री भाऊजींनी तीन चपात्या खाल्ल्या.

शनिवारी संध्याकाळी भाईजानने दुकान लवकर बंद केलं. आमच्या कपाटावर एक मोबाईल असा उभा केला, की माझा पडदा दिसेल आणि सगळ्यांचे आवाज येतील, आणि व्हिडिओ सुरू केला. भाऊजींनी नवा शर्ट घातला होता, जसं काही तेच दिसणार होते. दिवसभरात एवढीच संधी, कारण सहाला भाभींना सुनेला आणायला जायचं होतं, आणि सकाळी राक्षस जाणार होता.

सुरुवात फार छान झाली. एक, दोन, तीन, आणि चारला सोटा. राक्षसाचा हात आम्ही सोडलेल्या जागेवर पडत होता, धूळ उडत होती, आम्ही पुढे. पट्टी अर्धी झाली, अर्ध्याहून कमी झाली. भाऊजी मोजत होते आणि मोजता मोजता प्रत्येकाकडे बघत होते: दादा झोपला नाही ना, भाभी बटण दाबून धरत नाहीत ना, माझं बोट पिवळ्याकडे जात नाही ना. सगळ्यांचं बघण्यात त्यांना स्वतःचं पाऊल टाकायचं राहिलं. हात पडला. भाऊजी मेले.

आणि त्यांनी मोजणं थांबवलं. गेलेल्या माणसाने बोलायचं नाही, असं अटीत कुठे नव्हतं, पण त्यांना वाटलं, झालं, चार जणांत हे होणारच नाही. त्यांनी मोबाईल मांडीवर ठेवला आणि ओठ मिटले. भाभींची टाळी हुकली. आमचे हे म्हणाले, "आता?" राक्षसाचा हात वर जायला लागला होता. मी आजवर परक्या पुरुषमाणसांपुढे कधी मोठ्याने बोललेली नाही. दारात दूधवाला आला तरी मी मान हलवते. पण भाऊजींचा तो मिटलेला चेहरा मला बघवेना, आणि माझ्या तोंडून निघालं, "एक." मग "दोन." मग भाभींची टाळी सापडली. भाईजान पुटपुटायला लागला, "हाँ, हाँ, चलो." पाचव्याची जागा रिकामीच राहिली, आम्ही तिच्यावरून फिरत राहिलो, आणि राक्षसाला त्याने काही फरक पडला नाही. दीड मिनिट मी मोजत होते. मग तो मांडी घालून बसावा तसा खाली बसला, आणि त्याचे धोंडे झाले.

भाभी म्हणाल्या, "गया?" भाईजान म्हणाला, "गया, भाभी." आमच्या ह्यांनी डोळे पुसले, नंतर म्हणाले, पंख्याने पाणी आलं.

भाऊजी मात्र पडलेल्या चेहऱ्याने बसले होते. त्यांच्या मते सगळं वाया गेलं होतं, कारण पद्धत पाच जणांची होती. गटात व्हिडिओ पाठवायलासुद्धा ते तयार नव्हते. भाईजानने हातातून मोबाईल घेऊन पाठवून दिला. तासाभराने पोरांचं उत्तर आलं. ते भाऊजींनी तीनदा वाचलं, मग मला वाचून दाखवलं. पोरांनी लिहिलं होतं, अंकल, तुम्ही आत होता तोवर आम्हाला वाटत होतं तुम्ही एकटेच त्याला मारताय. तुम्ही मेलात आणि नव्या चार माणसांनी त्याला सोट्याने पाडलं, तेव्हा आमचा विश्वास बसला. पद्धत खरी आहे.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "म्हणजे चारच लागत होते."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी आपला बाणांचा कागद उघडला आणि पाचांतला एक बाण खोडला.

रविवारी सकाळी राक्षस गेला. नवा आला तो उडतो, त्याच्याभोवती गोल धरता येत नाही, आणि भाऊजींची पद्धत आता जगात कुणाच्याही उपयोगाची नाही. दिवाळीनंतर भाभी सुरतेला मुलाकडे राहायला गेल्या. भाईजानच्या दुकानात गर्दी वाढली, तो ईदेला येऊन जातो. शनिवारी संध्याकाळी भाऊजी कधी कधी तो व्हिडिओ लावतात. राक्षसाकडे ते बघत नाहीत. डोळे मिटून ऐकतात, आणि मी आत भांडी लावत असले तर मला हाक मारतात, "वहिनी, इथे तुमचा तीन जरा लवकर आलाय बघा." मी म्हणते, आला असेल. मग ते पुन्हा मागे नेतात, आणि जिथे ते मेले तिथून पुढे लावतात.